साथीदारांची नोंद

'अलबेला' हा चित्रपट १९५१ साली प्रदर्शित झाला, आणि त्यातील 'शोला जो भडके' या गीताची ७८ फेऱ्यांची तबकडी ज्यांच्या घरी अद्याप शाबूत असेल, त्यांनी ती एकदा उजेडात धरून तिच्या मध्यावर चिकटविलेला वर्तुळाकृती कागद सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. तेथे चित्रपटाचे नाव आढळेल. लता मंगेशकर आणि चितळकर ही गायकांची नावे आढळतील. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र यांचे नाव आढळेल. चितळकर आणि सी. रामचंद्र हे दोघे नसून रामचंद्र नरहर चितळकर हा एकच गृहस्थ आहे, म्हणजे त्या इवल्याशा कागदावर एका माणसास दोन वेळा जागा मिळालेली आहे. परंतु बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन या ज्या वाद्यांच्या संगतीने ते गीत उभे राहते, ती वाजविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव तेथे नाही. जॅझ संगीताच्या तबकड्या जमविणे, त्यांची नवी पुनर्प्रकाशने ऐकणे आणि पेटीबंद संचांचा अभ्यास करणे हा या लेखाचा विषय आहे खरा. परंतु या नादात जितका खोल जावे तितका मला हाच एक प्रश्न अधिक निकडीचा वाटू लागला आहे, की त्या कागदावरची कोरी जागा भरून कशी निघावी.

हे लिहीत आहे ते पाटस येथे बसून. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, यवत, चौफुला आणि वरवंड मागे टाकल्यावर हे गाव लागते. लोहमार्गाने आल्यास केडगाव सोडल्यानंतर दौंड जंक्शन येण्यापूर्वी त्याचे स्थानक येते. भीमा सहकारी साखर कारखाना येथला, त्यामुळे गळिताच्या हंगामात ऊस वाहणाऱ्या गाड्यांची रीघ रात्रंदिवस चालू असते. आषाढीच्या वारीला निघालेली तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून येथे विसावते आणि मग रोटी घाट चढून उंडवडीकडे मार्गस्थ होते, तेव्हा टाळमृदंगाचा जो नाद या परिसरात भरून राहतो तो येथल्या लहान मुलालाही वेगळा शिकवावा लागत नाही. चौफुल्याच्या कला केंद्रांत संगीत बारी आजही उभी राहते, आणि लावणीतील एकच ओळ बसल्या जागेवरून पाच तऱ्हांनी अदा करून दाखविणाऱ्या कलावतीस दाद कोठे द्यावी हे तेथल्या श्रोत्यास पक्के ठाऊक असते. लग्नसराईत ब्रास बँड येतो, आणि क्लॅरिनेटवाला नवरदेवाच्या घोड्यापुढे गाण्याची चाल वाजविता वाजविता मध्येच स्वतःच्या मनाची चार वळणे घेऊन पुन्हा चालीवर येतो. अशा गावात जॅझ ऐकणारा माणूस असावा याचे शहरातल्या मित्रांस नवल वाटते. मला मात्र तसे वाटत नाही. ठरलेल्या चालीवर, ठरलेल्या मात्रांच्या आवर्तनात, त्या क्षणी सुचेल ते वाजवून पुन्हा वेळेवर समेला यावयाचे, हा जॅझचा गाभा ज्यास समजावयाचा आहे, त्याची पूर्वतयारी या मुलुखात आपोआप झालेली असते.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते भूगोलाचे आहे. दौंडहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, आणि त्या मार्गावर अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बेलापूर ही स्थानके ओलांडल्यानंतर पुणतांबे हे गाव लागते. सी. रामचंद्रांचा जन्म त्या पुणतांब्याचा, १२ जानेवारी १९१८ चा. हिंदुस्थानी चित्रपटगीतात जॅझचा ठेका ज्याने अत्यंत निःशंक मनाने आणि अत्यंत उत्तम रीतीने रुजविला, तो मनुष्य न्यू ऑर्लिन्सचा नव्हता, मुंबईच्या गोऱ्या वस्तीतलाही नव्हता. आपल्याच गोदाकाठचा होता, विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेला होता, आणि मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमच्या साथीपासून वर आलेला होता. १९४७ सालच्या 'शहनाई'मधील 'आना मेरी जान' ऐकून भल्याभल्यांनी कपाळास आठ्या घातल्या. १९५० साली 'समाधी'मधील 'गोरे गोरे' आले. आणि पुढल्याच वर्षी मास्टर भगवान यांचा 'अलबेला' आला. 'अलबेला'त एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष गेले असले तरी नाव विचारण्याचे कोणाच्या मनात आले नसावे. त्यात पडद्यावर जे वादक दिसतात, त्यांचा नायक आणि ट्रंपेट वाजविणारा इसम म्हणजे चिक चॉकलेट. त्याचे खरे नाव अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यातील हळदोणे येथे १९१६ साली जन्मलेला, मुंबईच्या हॉटेलांतून 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून मिरविलेला हा कलावंत सी. रामचंद्रांचा सहायक होता.

चिक चॉकलेटपर्यंत जॅझ कसे येऊन पोहोचले याची हकिकत मोठी आहे, परंतु तिचा एक धागा तबकड्यांतून स्पष्ट दिसतो म्हणून तेवढाच सांगतो. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजविण्यास आला. त्या वृंदातील कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ याने पुढे स्वतःचा वृंद उभा केला आणि १९३६ साली मुंबईतच रेक्स या छापाखाली काही तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील 'ताजमहाल' या फॉक्सट्रॉटची रचना मेना सायलस या मुंबईकराची आहे. आता हा क्रिकेट स्मिथ कोण, तर जेम्स रीस युरप यांच्या वाद्यवृंदात राहून ज्याने न्यूयॉर्क येथे १९१३-१४ साली व्हिक्टर कंपनीसाठी वाजविले होते तो. जॅझची पहिली तबकडी म्हणून इतिहासात जी नोंदली जाते, ती ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडची, २६ फेब्रुवारी १९१७ ची. म्हणजे जॅझच्या पहिल्या तबकडीच्याही तीन-चार वर्षे आधी ज्याची फुंकर मेणावर उमटली होती, तो वादक आपल्या मुंबईत येऊन समुद्राकाठच्या दिवाणखान्यात वाजवीत होता, आणि त्याच्या समोर बसून गोव्याची पोरे ते कान टवकारून ऐकत होती. टेडी वेदरफोर्ड हा थोर पियानोवादकही शांघायहून येऊन मुंबईत राहिला, मग कलकत्त्यास गेला, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये तेथेच पटकीने वारला.

गोव्याच्या पोरांस ते ऐकून उचलता आले याचे कारण त्यांच्या गावच्या चर्चच्या शाळेत आहे. पोर्तुगीज अमलात तेथे मुलांस स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. त्यामुळे मुंबईत येताच हॉटेलातील नाचाचे बँड, मूकपटाच्या पडद्याखालचे वादन आणि नंतर बोलपटाचे ध्वनिमुद्रण ही तिन्ही कामे त्यांच्याकडे चालत आली. संगीतकाराने पेटीवर चाल सांगावी, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या जाणकाराने ती कागदावर उतरवून घेऊन प्रत्येक वाद्याच्या वाट्याचे स्वर वेगळे मांडून द्यावेत, अशी वहिवाट पडली. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा स्टुडिओत चित्रपटगीत, हा त्यांचा रोजचा क्रम होता. या परिश्रमाचे मोल त्यांस रोख मिळाले. नावाच्या रूपाने मात्र काहीच मिळाले नाही.

तबकडीवर नाव येणे ही गोष्ट प्रारंभापासूनच फार अवघड होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. फ्रेड गेसबर्ग याने १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपताच त्यांनी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने उच्चारले. यामागे केवळ मिजास नव्हती. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जाऊन तेथे त्यांच्या प्रती छापल्या जात, आणि परभाषेतील गाण्यांच्या ढिगातून कोणते कोणाचे हे तेथल्या कारागिरास कळावे म्हणून ही युक्ती योजलेली होती. जुन्या तबकड्यांच्या शेवटी ऐकू येणारी ही घोषणा मला नेहमी हलवून सोडते, कारण त्या कर्ण्यासमोर गायिकेच्या मागे सारंगिया बसलेला आहे, तबलजी बसलेला आहे, आणि त्यांच्या नावाचा उच्चार करण्याइतकी सवड त्या तीन मिनिटांत कोणासही झालेली नाही.

जॅझच्या तबकड्यांची अवस्थाही पहिल्या वीस वर्षांत याहून बरी नव्हती. कागदावर वृंदाच्या नायकाचे नाव छापले जाई आणि बाकीचे वादक अंधारात राहत. फरक पडला तो श्रोत्यांमुळे, आणि माझ्या मते जॅझच्या संग्राहकांनी जगाच्या संगीतविद्येस दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच आहे. चार्ल्स डेलोने या पॅरिसच्या तरुणाने १९३६ साली 'हॉट डिस्कोग्राफी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. कोणती तबकडी, कोणत्या गावी, कोणत्या तारखेस मुद्रित झाली, तिचा साच्यावरील क्रमांक काय, आणि त्या दिवशी कॉर्नेटवर कोण, ट्रॉम्बोनवर कोण, ड्रमवर कोण, याची ती फर्द होती. तबकडीवर गाण्याच्या रेघा संपून कागद सुरू होण्यापूर्वी जी गुळगुळीत कडी राहते, तीत खरडलेले आकडे भिंगाने वाचणे, कंपनीच्या दप्तरातील नोंदी धुंडाळणे, वृद्ध वादकांस गाठून त्यांच्याकडून खातरजमा करून घेणे, आणि एवढे करूनही शंका राहिल्यास नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवण्याचा प्रामाणिकपणा पाळणे, अशी या शास्त्राची शिस्त पुढे ब्रायन रस्ट यांच्यासारख्यांनी घालून दिली. आमच्या तालुक्यातील कोणत्याही शेतकऱ्यास हे सहज समजेल: जमीन कसणारा कोणीही असो, सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय त्याचा हक्क लागत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यास फेरफाराचा अर्ज करावाच लागतो. डिस्कोग्राफीकार हा वादकांच्या वतीने फेरफाराचा अर्ज करीत आलेला आहे.

येथवर तबकडीच्या कागदाविषयी लिहिले. आता खुद्द तबकडीविषयी थोडे लिहितो, कारण ज्यांनी ती हातात घेतलेली नाही अशी एक पिढी आता कर्तीसवरती झाली आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असे. लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि तंतू यांचे ते मिश्रण. आणि जगातील लाखेचा फार मोठा वाटा हिंदुस्थानातून, छोटा नागपूरच्या पळस आणि कुसुमाच्या झाडांवरून जात असे. आर्मस्ट्राँग, एलिंग्टन, कोलमन हॉकिन्स यांच्या ज्या तबकड्या शिकागो आणि न्यूयॉर्क येथे खपल्या, त्यांच्या अंगात आपल्या रानातले द्रव्य होते ही गोष्ट संग्राहकाने विसरू नये. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची वाट बंद झाली तेव्हा अमेरिकन सरकारने १९४२ च्या एप्रिलात तबकड्यांसाठी वापरावयाच्या लाखेत मोठी कपात केली, आणि जुन्या तबकड्या मोडीत घेऊन त्यांच्यापासून नव्या करण्याची पाळी आली. त्या घाण्यात किती दुर्मीळ वादन पिळून निघाले असेल याचा विचार मनास क्लेश देतो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, आणि या तीन मिनिटांनी जॅझला जे वळण लावले ते मी दोष मानीत नाही. २८ जून १९२८ रोजी लुई आर्मस्ट्राँगने 'वेस्ट एंड ब्लूज' मुद्रित केले, त्यात आरंभी एकट्या ट्रंपेटची जी तान आहे तिच्यात पाल्हाळास जागाच नव्हती, आणि म्हणूनच तीत एकही स्वर फुकट गेलेला नाही. आपल्याकडे ज्यांनी गायक भास्करबुवा बखले यांच्या परंपरेचे गाणे ऐकले ते तीन मिनिटांच्या ख्यालास नाके मुरडीत. तरीही त्या बंधनात सुंदराबाईंसारखी पुण्याची गायिका लावणी गाते तेव्हा तिने आपली अख्खी बैठक मनात धरून तिच्यातले नेमके तेवढे वेचून दिले आहे असा प्रत्यय येतो. १९२५ पर्यंत तर मायक्रोफोनही नव्हता. सर्वांनी एका कर्ण्यासमोर दाटीने उभे राहून वाजवायचे. इंडियाना प्रांतातील रिचमंड येथे जेनेट कंपनीची मुद्रणशाळा लोहमार्गाच्या कडेलाच होती, आणि किंग ऑलिव्हरच्या वृंदाने, ज्यात तरुण आर्मस्ट्राँग होता, १९२३ साली तेथे वाजविले तेव्हा गाडी आली की काम तहकूब ठेवावे लागे. पाटसला स्थानकाजवळ बसून ती मुद्रणे ऐकताना येथेही मालगाडी निघून जाईपर्यंत सुई उचलून धरावी लागते, आणि ते मला मुळीच उपद्रवाचे वाटत नाही.

तबकड्या मिळतात कोठे, असे मला विचारतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे लोखंडी सामान, जुनी कुलुपे आणि कॅमेरे यांच्या राशींतून तबकड्यांचे गठ्ठे निघतात. त्यांत नाट्यपदे, अभंग आणि चित्रपटगीते यांचा भरणा. मधूनच एखादी 'कुत्रा छाप' किंवा कोलंबियाची, कलकत्त्याजवळील डमडम येथे छापलेली इंग्रजी नाचाची तबकडी लागते, आणि तिच्यावरचे एखादे नाव पाहून हात थबकतो. मुंबईच्या चोरबाजारात माल अधिक, परंतु तेथल्या व्यापाऱ्यांस आता मोल चांगले कळते. नव्या तबकड्या आणि परदेशी संच यांसाठी काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हा मोठा आसरा होता. ते २०१६ साली बंद झाले. तेव्हापासून संच मागवायचा तो टपालाने, आणि मूळ किमतीवर जकात चढून तो हाती पडेपर्यंत त्याचा भार बराच वाढलेला असतो. पाटसला राहून हा नाद करायचा तर थोडे घ्यावे आणि घेतलेले पुष्कळ ऐकावे, हाच मार्ग उरतो, आणि मला तो श्रेयस्कर वाटत आला आहे.

पुनर्प्रकाशन हा शब्द उच्चारताच पुष्कळांस तोच माल नव्या वेष्टनात असे वाटते. तसे अनेकदा होतेही, आणि अशा संचांस माझ्या कपाटात जागा नाही. परंतु १९८० नंतर मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी या दोघांनी मोझेइक नावाची जी संस्था उभी केली, तिने या कामास प्रतिष्ठा आणली. त्यांचा पहिला वहिला संच थेलोनियस मंक याच्या ब्लू नोट कंपनीकडील समग्र मुद्रणांचा होता. प्रती मर्यादित आणि क्रमांकित; सोबत मोठ्या आकाराची पुस्तिका; आणि त्या पुस्तिकेत प्रत्येक बैठकीची तारीख, जागा, कोणती आवृत्ती पसंत झाली, कोणती बाजूस ठेवली गेली, आणि प्रत्येक वादकाचे नाव. संच हाती आला म्हणजे मी प्रथम पुस्तिका वाचतो, तबकडी नंतर लावतो. कस्कुना २०२४ साली निवर्तले. कंपन्यांच्या तळघरांत न लावलेल्या फिती ज्याने वर्षानुवर्षे धीराने ऐकल्या, त्या माणसाचे ऋण कोणत्याही वादकाच्या ऋणाहून मी कमी मानीत नाही.

एका पुनर्प्रकाशनाने तर साऱ्या जगाचा कान दुरुस्त केला. माइल्स डेव्हिसचे 'काइंड ऑफ ब्लू' हे १९५९ साली दोन दिवसांत, २ मार्च आणि २२ एप्रिल रोजी, मुद्रित झाले. पहिल्या दिवशी मुख्य यंत्राची फीत किंचित हळू फिरत होती. त्यामुळे तिच्यावरून छापलेली तबकडी योग्य गतीने लावली की पहिल्या बाजूची तिन्ही वादने मूळ स्वरापेक्षा थोडी चढी वाजत. ही चूक तीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली. त्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर राखीव फीतही घेतलेली होती, तिच्यावरून १९९२ साली ती बाजू नव्याने काढली गेली, तेव्हा तिन्ही वादने आपल्या जागी येऊन बसली. ज्यांनी सारे आयुष्य चढ्या स्वरातले ऐकले त्यांस नवे मंद वाटले, ही माझ्या दृष्टीने अत्यंत स्वाभाविक गोष्ट आहे. तथापि तानपुरा जुळविल्याखेरीज ज्या देशात गाणे सुरू होत नाही, तेथल्या श्रोत्याने या दुरुस्तीस मनापासून मान द्यावयास हवा.

पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीचे उदाहरण याहून निराळे आहे. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातील जागेत या त्रयीने दिवसभर वाजविले. बासवादक स्कॉट लाफारो त्यानंतर अकराव्या दिवशी मोटार अपघातात गेला. त्या दिवसाच्या वादनातून प्रथम जी तबकडी निघाली ती मुद्दाम लाफारोचे वादन पुढे यावे अशा बेताने निवडलेली होती. २००५ साली सारा दिवस क्रमवार तीन तबकड्यांच्या संचात आला, आणि त्यात 'ग्लोरियाज स्टेप'ची पहिली आवृत्तीही आहे, जिच्या मध्ये वीज गेल्यामुळे मुद्रणात खंड पडला. भारनियमनाच्या तालुक्यात राहणाऱ्या माणसास ती जागा विशेष जवळची वाटते, हे मी लपवीत नाही. परंतु खरे मोल त्या खंडाचे नसून क्रमाचे आहे: दुपारपासून रात्रीपर्यंत तिघे एकमेकांच्या किती जवळ येत गेले, टाळ्या कशा तुरळक आहेत, पेल्यांचा आवाज कोठे मध्ये येतो, हे सारे त्या क्रमाशिवाय कळत नाही.

असे असले तरी एक मतभेद मला नोंदवावासा वाटतो. एकाच रचनेच्या तीन-तीन आवृत्त्या एकामागून एक मांडणारे संच अभ्यासास उत्तम, ऐकण्यास मात्र जाचक होतात. चार्ली पार्करच्या डायल कंपनीकडील मुद्रणांत अर्धवट सोडलेले प्रारंभही आहेत, आणि त्यांतून या विलक्षण प्रतिभावंतास एकाच रचनेवर दर वेळी निराळे सुचत असे हे सिद्ध होते. परंतु सायंकाळी शांतपणे ऐकावयास बसलेल्या माणसास सिद्धतेची गरज नसते. म्हणून मी संच अभ्यासासाठी वापरतो आणि आनंदासाठी मूळ तबकडीचा क्रम पाळतो. तसेच खरखरीचे. यंत्राने खरखर पूर्ण पुसली की तिच्याबरोबर झांजेची झळाळी आणि खोलीची हवाही पुसली जाते. इंग्लंडातील जॉन आर. टी. डेव्हिस हे एकेक टिचका हाताने काढीत आणि बाकीचे तसेच राहू देत. त्यांनी उतरविलेली जुनी मुद्रणे ऐकली म्हणजे संयम हाही ध्वनिशास्त्राचा भाग आहे हे पटते.

आता पुन्हा आपल्या घराकडे. तबकड्यांविषयी आस्था असलेल्यांनी मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था काढली. पदार्थविज्ञानाचे संशोधक असलेले डॉ. सुरेश चांदवणकर तिचे चिटणीस, आणि 'द रेकॉर्ड न्यूज' हे तिचे नियतकालिक. ऑस्ट्रेलियातील मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या हिंदुस्थानातील आरंभीच्या मुद्रणांची सूची केली. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध करून गीत, गायक आणि तबकडीचा क्रमांक यांचा दाखला कायमचा लावून दिला. वादकांच्या बाजूने पहिला भरघोस ग्रंथ मात्र परदेशी अभ्यासकाकडून आला: ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन', सन २००८. त्यात स्टुडिओत आयुष्य काढलेल्या वादकांच्या जबान्या त्यांच्याच शब्दांत आहेत. पाठोपाठ २०१२ साली नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आले, ज्याच्या सोबत मुंबईच्या जुन्या जॅझची तबकडीही होती. वर ज्याचा उल्लेख केला तो क्रिकेट स्मिथ मी प्रथम त्यामुळेच ऐकला, आणि अनेक वर्षे नुसत्या नावाने ठाऊक असलेल्या माणसाचा श्वास पितळेतून येताना ऐकणे म्हणजे काय हे तेव्हा कळले.

एवढे असूनही जे व्हावयास हवे ते झालेले नाही. सी. रामचंद्रांच्या जॅझ वळणाच्या मुद्रणांचा एक समग्र संच निघाला पाहिजे: 'शहनाई'पासून आरंभ करून, ज्या गीतांत नाचाच्या बँडचा ठेका आहे ती सारी, चांगल्या अवस्थेतील मूळ तबकड्यांवरून उतरविलेली, खरखर बेताने काढलेली, शक्य तेथे चिक चॉकलेटच्या स्वतःच्या बँडची मुद्रणे शेजारी ठेवलेली, म्हणजे रात्री हॉटेलात वाजविलेले दिवसा गीतात कसे उतरले ते श्रोत्यास कान लावून पाहता येईल, आणि सोबत पुस्तिका, जीत प्रत्येक गीताखाली ज्ञात वादकांची नावे असतील, अज्ञातांच्या ठिकाणी वाद्याचे नाव आणि पुढे मोकळी जागा असेल. चिक १९६७ साली गेला, सी. रामचंद्र १९८२ च्या जानेवारीत गेले. त्या बैठकांस बसलेला माणूस आज शोधूनही मिळणे कठीण. परंतु त्यांच्या घरांत छायाचित्रे आहेत, स्वरलेखनाच्या वह्या असतील, मानधनाच्या चिठ्ठ्या असतील, आणि मुलानातवंडांच्या आठवणीत कोणाचा ट्रंपेट कोणता हे अजून पुसलेले नाही. हे काम गोव्यात आणि वांद्र्यात घरोघर फिरून करावयाचे आहे, आणि ते कोंकणी व मराठी जाणणाऱ्याने केले तर अधिक चांगले होईल.

वादकांची नावे अशी पुढे आणता येतात याचा पुरावा आपल्याच ग्रामोफोन कंपनीने १९६८ साली देऊन ठेवला आहे. 'रागा जॅझ स्टाइल' ही शंकर-जयकिशन यांची लाँगप्ले तबकडी. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग जॅझच्या अंगाने त्यात मांडले आहेत. मूळ प्रत मिळविण्यासाठी परदेशी संग्राहक भारी मोल देत, म्हणून ती पुढे पुन्हा काढली गेली, आणि आता ती कोणासही घेता येते. रागाची शुद्धता पाहणाऱ्यांनी तिच्यावर आक्षेप घ्यावेत असे बरेच तिच्यात आहे, आणि शिवरंजनीपेक्षा मला तिच्यातला मालकंस अधिक आवडतो. तिच्यात गायक नाही, पडदा नाही, नायकनायिका नाहीत. म्हणून वाजविणारे पुढे आले आणि त्यांची नावे लोकांस ठाऊक झाली: सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, गिटारवर दिलीप नाईक, तबल्यावर रमाकांत, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो.